सेलीची सही



दर वेळी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, थकबाकी आणि दिवाळीच्या ऑर्डरी यांबद्दल बोलते. आज हिशोबाची वही घरी ठेवून आलेय. आज एका पुस्तकाबद्दल बोलायचंय, आणि तेही अमेरिकेतल्या. पण लगेच रेडिओ बंद करू नका. त्यातली बाई शिलाईकाम करणारी आहे.

बीएच्या शेवटच्या वर्षाला मला अमेरिकन साहित्याचा पेपर होता. खरं सांगते, तेव्हा मी पुस्तकं वाचलीच नाहीत, गाईड वाचलं. अमेरिकन साहित्यात माणूस स्वतःला आणि देवाला कसा शोधतो, असा एक प्रश्न हमखास यायचा. त्याचं उत्तर मला पाठ होतं. त्यात थोरो असायचा. हा थोरो १८४५ साली वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी स्वतः झोपडी बांधून राहायला गेला, दोन वर्षं दोन महिने राहिला, आणि आपण कोण, जगायचं कसं, याचा त्याने विचार केला. चांगलंच केलं. मला मार्कही बरे पडले. पण तेव्हाही मनात यायचं, की चूल, पाणी, लेकरं, म्हातारी माणसं सोडून कोणती बाई दोन वर्षं तळ्याकाठी जाऊन बसेल? जिला घरात एक कोपरा स्वतःचा नाही, तिने स्वतःला शोधायचं कुठं, आणि देवाला तरी कुठं?

गाईडमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. ते मला फार उशिरा, दोन मुलं झाल्यावर आणि गटाच्या कामाला लागल्यावर मिळालं, ‘द कलर पर्पल’ या कादंबरीत. पर्पल म्हणजे जांभळा.

लेखिका ॲलिस वॉकर. जन्म १९४४ सालचा, जॉर्जिया राज्यातल्या ईटनटन गावचा. आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, घरात आठ भावंडं, त्यात ही शेंडेफळ. कादंबरी १९८२ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या वॉकर या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

गोष्ट घडते ती बरीचशी जॉर्जियातच, विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीसेक वर्षांत. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. आपल्या जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच. पण कायद्याने सुटलेल्या त्या माणसांच्या मुलानातवंडांच्या, त्यातही लेकीसुनांच्या वाट्याला पुढे काय आलं, ते या कादंबरीत आहे.

सेली चौदा वर्षांची आहे. जिला ती बाप समजते तो माणूस तिच्यावर अत्याचार करतो आणि वर दम देतो, की बोलायचंच असेल तर देवापाशी बोल, दुसऱ्या कुणापाशी नाही. मग ती काय करते? देवाला पत्रं लिहायला लागते. सगळी कादंबरी पत्रांचीच आहे. तिला दोन लेकरं होतात, दोन्ही तिच्यापासून काढून घेतली जातात. शाळा सुटते. पुढे चार मुलांचा एक विधुर तिच्या धाकट्या बहिणीला, नेटीला, मागणी घालायला येतो, तर बाप ही थोरली त्याच्या गळ्यात मारतो आणि सोबत एक गाय देतो. पत्रांत सेली नवऱ्याचं नावसुद्धा लिहीत नाही. ‘मिस्टर’ लिहिते आणि पुढे नुसती रेघ. आपल्याकडेही ‘आमचे हे’ म्हणतात, तेव्हा मला ही रेघ लगेच कळली. नेटी बहिणीकडे राहायला येते, पण या ‘मिस्टर’चं तिच्याकडे चालत नाही म्हणून तो तिला हाकलून देतो. नेटी जाते आणि तिचं एकही पत्र येत नाही. सेली समजते, मेली असणार.

आता एक बारीक गोष्ट सांगते, जी मला दुसऱ्या वाचनात दिसली. देवाला लिहिलेल्या त्या पत्रांखाली सेलीची सही नाही. कधीच नाही. लिहिणारी आहे, पण खाली नाव नाही. गटात नवी बाई आली की पहिल्या दिवशी ती अंगठा पुढे करते, आणि सही करायला शिकवू म्हटलं की म्हणते, माझ्या नावाचं काय अडलंय? मला तेच आठवलं.

तिचा देव कसा दिसतो, तेही ती सांगते. उंच, म्हातारा, करड्या दाढीचा, पांढऱ्या झग्यातला, गोरा माणूस. मालक लोकांच्या पुस्तकात जसा होता तसा. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या राबवून घेतलं त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या देवापाशी ती आपलं गाऱ्हाणं सांगतेय. आणि तो ऐकत नाही.

इथे थोडं थांबते, कारण यापुढचा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. सेलीच्या सावत्र मुलाची, हार्पोची बायको सोफिया. धिप्पाड, कुणाचं ऐकून न घेणारी. हार्पो सेलीला विचारतो, बायको ऐकत नाही, काय करू? आणि जन्मभर मार खाल्लेली सेली सांगते, मार तिला. सोफिया उलटा मार देते ती गोष्ट वेगळी. पण मग सेलीला महिनाभर झोप लागत नाही.

गटाच्या कामाला लागून मला वर्षही झालं नव्हतं. एक ताई सभेनंतर मागे राहिल्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी दंडावरचे वळ दाखवले. मी घाबरले. मला वाटलं, आपण यात पडलो तर गट फुटेल, घरचे लोक बायकांना सभेला पाठवायचे नाहीत. मी म्हणाले, ताई, लेकरांकडं बघून सांभाळून घ्या, देवावर सोडा, देवाला डोळे आहेत. त्यांनी पदर सारखा केला आणि गेल्या. पुढच्या तीन सभांना त्या आल्या नाहीत. इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे मी ‘गैरहजर’ लिहिलं.

सेलीच्या बापाने जे दम देऊन सांगितलं, तेच मी मायेनं सांगितलं होतं. देवापाशी बोल, दुसऱ्या कुणापाशी नको.

कादंबरीत सोफिया सेलीच्या दारात येते, तिने दिलेले पडदे परत करते आणि तोंडावर विचारते, तू असं का सांगितलंस? सेली खरं सांगते. तुझा हेवा वाटला, मला जमत नाही ते तू करतेस म्हणून. दोघी आधी गप्प होतात, मग हसायला लागतात आणि भांडणात फाटलेल्या त्याच पडद्यांची गोधडी शिवायला घेतात. गोधडीच्या त्या नमुन्याचं नाव आहे ‘बहिणीची निवड’. मीही त्या ताईंकडे गेले, पुस्तक वाचल्यावर, म्हणजे बऱ्याच वर्षांनी. म्हटलं, तेव्हा मी चुकीचं बोलले. त्या म्हणाल्या, “लक्षात हाय माझ्या.” चहा दिला. हसणं वगैरे काही झालं नाही.

असो. सेलीकडे येऊ. तिच्या आयुष्यात शग एव्हरी येते. गाणारी बाई, तिच्या नवऱ्याचीच जुनी प्रेयसी. आजारी म्हणून तो तिला घरी आणतो आणि सेली तिची सेवा करते. पुढे सेलीचं शगवर प्रेम बसतं, मैत्रीच्या पुढचं, जोडीदाराचं असतं तसं. गाईडमध्ये हे गाळलेलं होतं. मी गाळणार नाही, कारण सेलीला बाईमाणूस म्हणून मायेनं जवळ घेणारी पहिली व्यक्ती शगच आहे.

शगच नवऱ्याच्या पेटीतून नेटीची पत्रं शोधून काढते. नेटी मेलेली नसते. ती एका मिशनरी जोडप्याबरोबर आफ्रिकेत असते, आणि सेलीची दोन्ही मुलं त्याच जोडप्याने वाढवलेली असतात. इतकी वर्षं ती पत्रं लिहितेय आणि हा माणूस ती दाबून ठेवतोय. सेलीच्या डोक्यात खून चढतो. ती रोज त्याची दाढी करते, वस्तरा हातातच असतो. शग तिला सांगते, आपण पँट शिवू. रोज बसायचं, शिवायचं आणि नेटीची पत्रं वाचायची. वस्तऱ्याच्या जागी सुई येते.

त्या पत्रांतून आणखी एक कळतं. जो बाप म्हणवत होता तो सावत्र. खरा बाप दुकानदार होता, त्याचं दुकान चांगलं चालायला लागलं म्हणून गोऱ्यांनी त्याला जमावाने मारलं. हे कळल्यावर सेली देवाला लिहिणंच बंद करते. शगला म्हणते, मी ज्याची प्रार्थना करत आले तो पुरुष निघाला, बाकीच्यांसारखाच विसराळू आणि हलका.

मग शग जे बोलते ते सगळ्या कादंबरीचं मर्म आहे. ती देवाला ‘तो’ म्हणत नाही, ‘ती’ही म्हणत नाही. देव चर्चमध्ये सापडत नाही म्हणते, आपणच आपल्या आतला तिथे घेऊन जातो. त्या गोऱ्या म्हाताऱ्याला डोळ्यांपुढून हटवायला तिला आधी झाडांनी मदत केली, मग वाऱ्याने, पाखरांनी, मग माणसांनी. शेतात जांभळं फूल फुललंय आणि तुम्ही न बघता पुढे गेलात, तर देवाला राग येतो, अशी तिची समजूत. त्यावरूनच पुस्तकाचं नाव. जोतिरावांनी ‘निर्मिक’ हा शब्द का वापरला असेल, हे मला इथे थोडं समजल्यासारखं झालं. जुन्या नावाला जुना चेहरा चिकटलेला असतो.

पण सेलीला हे ऐकून लगेच साक्षात्कार होत नाही. ती प्रामाणिकपणे कबूल करते, की तो म्हातारा डोळ्यांपुढून जाता जात नाही. झाड बघायला गेलं तरी मध्ये उभा राहतो. मला हे फार खरं वाटलं.

तो जातो तो काम करता करता. सेली नवऱ्याला सगळ्यांसमोर सुनावते आणि शगबरोबर मेम्फिसला निघून जाते. तिथे पँटी शिवते, एकीला, दुसरीला, मग ऑर्डरी येतात, हाताखाली बायका येतात, धंद्याला नाव पडतं. तिची शिवण बघा. जॅक नावाचा मुलांवर जीव असणारा एक गृहस्थ आहे. त्याच्यासाठी ती मोठ्या खिशांची पँट शिवते, मुलांच्या गोट्या, दोरे, दगड ठेवायला. पायाशी घट्ट, म्हणजे एखादं पोर वाटेत आलं तर पळत जाऊन उचलता येईल. सोफियासाठी एक पाय जांभळा आणि एक लाल. आमच्या शिलाईच्या गटात मी हे वाचून दाखवलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, “हिनं माप टेपानं नाही घेतलं.” माणसाकडे इतकं निरखून बघणं आणि शेतातल्या जांभळ्या फुलाकडे बघणं, यात मला तरी फरक दिसत नाही.

मेम्फिसहून ती नेटीला पत्र लिहिते. त्याखाली सही आहे. तुझी बहीण सेली. धंद्याचं नाव, रस्ता, गाव, राज्य, सगळा पत्ता.

तिथे तिला कुणीतरी शुद्ध भाषा शिकवायला बघतं. नीट बोललीस तर लोक मान देतील. सेलीला ते पटत नाही, मनाला परकं वाटेल असं बोलायला लावण्यात तिला शहाणपण दिसत नाही. वॉकर यांनी पूर्ण सेली तिच्याच खेडवळ बोलीत लिहिलीय. मला सुरुवातीला डिक्शनरी उपयोगी पडेना. मोठ्याने वाचायला लागल्यावर कळायला लागलं.

१९८५ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी यावर सिनेमा काढला, तेव्हा कृष्णवर्णीय पुरुषांची बदनामी केली म्हणून निदर्शनं झाली. ऑस्करसाठी अकरा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. बदनामीची तक्रार मला पुस्तकापुरती तरी पटत नाही. तो ‘मिस्टर’ शेवटी बदलतो. त्याला अल्बर्ट हे नाव मिळतं आणि तो सेलीच्या ओसरीवर बसून तिच्याबरोबर शिवायला लागतो. मला खटकतं ते वेगळंच. शेवटी सेलीला घर आणि दुकान वारशाने मिळतं. ते जरा फारच सोयीचं वाटलं. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागायला किती हेलपाटे पडतात, ते तुम्हाला माहीत आहे.

शेवटचं पत्र पुन्हा देवाला आहे. पण आता एकट्या त्यालाच नाही. ताऱ्यांना, झाडांना, आभाळाला, माणसांना, सगळ्यालाच लिहिलेलं.

गटात हे सांगून झालं तेव्हा कुणी देवाबद्दल विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, बहीण भेटली का? भेटली. सेली, अल्बर्ट आणि शग ओसरीवर बसलेले असताना लांबून एक गाडी येते. दोघी आता म्हाताऱ्या झाल्यात. पाय लटपटतात, नुकत्या चालायला लागलेल्या पोरींसारख्या एकमेकींकडे जातात, आणि भेट होताच तोल जाऊन ओसरीवरच पडतात, एकमेकींना धरून. उठवायची कुणाला घाई होत नाही.