परिसंवादासाठी स्थळाची निवड



सुवर्णमहोत्सवी वर्ष उजाडले की संस्थेत परिसंवादाची चर्चा सुरू होते. विषय ठरतो, वक्ते ठरतात, निमंत्रणपत्रिकेचा कागदही निवडला जातो. स्थळाचा विचार मात्र सर्वांत शेवटी, आणि तोही 'त्या तारखेला कोणते मंगल कार्यालय रिकामे आहे' एवढ्याच प्रश्नाने आटोपतो. वास्तविक सभेला कोण येऊ शकेल आणि कोणाला मनात असूनही घरीच बसावे लागेल, हे विषयापेक्षा स्थळच अधिक ठरवीत असते.

याचे उदाहरण शोधण्यासाठी खानदेशाबाहेर जाण्याचे कारण नाही. राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन दिनांक २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी आपल्या शेजारच्या फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. फैजपूरला रेल्वे नाही. भुसावळ-खंडवा मार्गावरील सावदा स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. सोयीच्या दृष्टीने पाहिले असते तर कोणीही भुसावळ जंक्शनच सुचविले असते. परंतु ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्या दारी सभा न्यावी, हा महात्मा गांधींचा आग्रह होता. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जबाबदारी अंगावर घेतली. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावाकडच्याच साधनांतून अधिवेशननगरी सजविली. त्या अधिवेशनात शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील कार्यक्रम संमत व्हावा, यात स्थळाचा काहीच वाटा नव्हता असे कोण म्हणेल? याच सभेचे १८८५ मधील पहिले अधिवेशन पुण्यास योजले होते. तेथे पटकीची साथ आल्याने ते ऐनवेळी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत न्यावे लागले. पर्यायी जागा हाताशी असणे किती मोलाचे, हे त्यावरून कळते.

जैन परंपरेतील एक प्रसंग तर अधिक गंभीर आहे. श्वेतांबर परंपरेनुसार आर्य स्कंदिल यांच्या नेतृत्वाखाली मथुरेस आणि आचार्य नागार्जुन यांच्या नेतृत्वाखाली वल्लभीस साधारण एकाच काळात आगमवाचना झाल्या. दोन्हीकडचे श्रमण एकत्र बसू शकले नाहीत आणि पाठांमध्ये भेद राहिले. पुढे देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वल्लभी येथे आगम लिपिबद्ध करविले, तेव्हा त्या भेदांची नोंद पाठांतरे म्हणून ठेवावी लागली. दोन जाणकार मंडळ्यांना एका छताखाली येता आले नाही, त्याची खूण ग्रंथांत आजही दिसते.

आता आपल्या गावाकडे वळू. भुसावळ हे जंक्शन. मुंबई, खंडवा, अकोला-नागपूर, जळगावमार्गे सुरत, कोठूनही थेट यावे. बाहेरगावच्या वक्त्यांसाठी याहून सोयीचे गाव खानदेशात नाही. पण रुळांना लागून असलेल्या सभागृहात दर काही मिनिटांनी वक्त्याला थांबावे लागते, हेही भुसावळकरांना सांगायला नको.

आजकाल हिरवळीच्या लॉनची मोठी हौस आहे. विवाहाला ते शोभते. परंतु साधु-साध्वीजी हिरवळीवर पाऊल ठेवीत नाहीत. मग ज्यांच्या सान्निध्यासाठी कार्यक्रम योजला, त्यांनी उभे तरी कोठे राहावे? सायंकाळच्या झगमगत्या दिव्यांभोवती जमणारे जीव हा आणखी वेगळा प्रश्न. काही संप्रदायांत साधु-साध्वी ध्वनिवर्धक वापरीत नाहीत. तेव्हा साधा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशी जागा हवी. उंच पत्र्याच्या, उघड्या फरशीच्या सभागृहात शब्द घुमतो आणि अर्थ हरवतो. अशा ठिकाणी भिंतींना जाड, चुण्यांचे पडदे लावावेत व खाली जाजम अंथरावे. मांडवाचे तलम कापड शोभेपुरते. ते आवाज शोषून घेत नाही.

वेळेचा आणि स्वयंपाकघराचा संबंधही स्थळाशीच आहे. डिसेंबरात येथे सहा वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. चौविहार करणाऱ्यांचे भोजन तत्पूर्वी आटोपायचे असेल, तर शेवटचे सत्र साडेचारपर्यंत संपले पाहिजे आणि भोजनगृह त्याच आवारात असले पाहिजे. सकाळी नवकारसीपूर्वी अल्पोपाहार ठेवून उपयोग नाही. उकळलेल्या पाण्याची सोय आणि केवळ शाकाहारी स्वयंपाक होतो ती भांडी, ही चौकशी भाड्याच्या आधी करावी. भाड्याचा आकडा अनेकदा फसवा असतो. वीज, जनरेटर, साफसफाई, भांडी यांचे पैसे वेगळे लावले की स्वस्त सभागृह हिशेबाअंती महाग पडते.

ऋतूही पाहावा. वैशाखातले भुसावळचे ऊन आणि लग्नसराईचे भाडे, दोन्ही टाळलेली बरी. चातुर्मासात साधु-साध्वीजी एकाच ठिकाणी असतात. तेव्हा सभाच त्यांच्या उपाश्रयाजवळ वा स्थानकाजवळ न्यावी लागते. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू झाला की त्यांच्या वाटेवरचे स्थळ निवडता येते.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते ज्येष्ठ श्रावक-श्राविका. दुसऱ्या मजल्यावरचे सभागृह कितीही सुंदर असो, गुडघे दुखणारी आजी जिना पाहूनच परत फिरते. आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या भगिनींना शेवटची गाडी गाठायची असते. म्हणून स्थळ पाहायला जाणाऱ्या समितीत एक वयस्कर श्राविका अवश्य असावी. ज्या वेळेस कार्यक्रम व्हायचा त्याच वेळेस तेथे जावे. एकाने व्यासपीठावरून ध्वनिवर्धकाशिवाय दोन वाक्ये बोलावीत आणि त्या श्राविकेने शेवटच्या रांगेत बसून ती ऐकू येतात का ते सांगावे. तिला स्वच्छतागृहापर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागल्या, तेही विचारावे. अनामत रक्कम त्यानंतरच भरावी.