पडदा थरथरतो की डोळा?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागील वर्षी दिवाळीच्या फराळाच्या मागण्या ऐन भरात आल्या असताना आपल्या कार्यालयातील संगणकाचा पडदा थरथरू लागला, हे आपणांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल. अक्षरे क्षणभर नाहीशी व्हायची, पुन्हा यायची; मधूनच सगळे चित्र गुलाबी पडायचे. दुरुस्तीवाल्याने पाहिले न पाहिले आणि ‘मॉनिटर गेला, नवा घ्या’ असे सांगून तो मोकळा झाला. कार्यकारिणीने सात हजारांचा खर्च मंजूरही केला. सात हजार म्हणजे किती किलो चकल्या, हा हिशेब मी येथे मांडीत नाही. तो खर्च कसा वाचला आणि त्या खटपटीत पैशांहून मोठी अशी एक गोष्ट कशी ध्यानात आली, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

पडद्यावरचे चित्र संगणकात तयार होते, केबलीतून येते आणि मॉनिटर ते दाखवितो. तेव्हा दोष या तिघांपैकी कोणाचा, हे आधी ठरवावे. त्याची एक सोपी खूण आहे. मॉनिटरच्या कडेला बटणे असतात. ती दाबली की उजेड कमीजास्त करण्याचा एक लहानसा मेनू पडद्यावर येतो. हा मेनू संगणक पाठवीत नाही, मॉनिटर स्वतःच काढतो. मागचे चित्र हलत असताना मेनू स्थिर राहिला, तर मॉनिटर बहुधा निर्दोष समजावा. मेनूही थरथरला, तर दोष मॉनिटरात किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत आहे.

आमचा मेनू जागचा हलला नाही. मग मागे वाकून पाहिले. केबल जुन्या पद्धतीची होती: निळ्या डोक्याची, पंधरा टाचण्यांची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. ते स्क्रू कोणी आवळलेच नव्हते! रोज झाडू लागून केबल ओढली जात होती. या केबलीत तांबडा, हिरवा आणि निळा यांना वेगवेगळी टाचणी असते. हिरव्याची जोडणी सुटली की चित्र गुलाबी पडते. दोन्ही यंत्रे बंद करून केबल नीट बसवली, स्क्रू आवळले. गुलाबी रंग गेला, पण मधूनमधून लुकलुकणे राहिलेच. मग एका भगिनीच्या घरून दुसरी केबल आणून लावली आणि तेही थांबले. एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणून हे कळले. आमटी बिघडली म्हणून मीठ, गूळ आणि चिंच एकदम घातली, तर ती कशाने सुधारली हे कोण सांगणार?

आपल्या घरी कारण निराळे असू शकेल. पाण्याचा पंप किंवा फ्रीज सुरू होताच पडदा मिचकावत असेल, तर विजेचा दाब किंवा ढिला प्लग तपासावा. उजेड अगदी कमी ठेवल्यावरच थरथर वाटत असेल, तर उजेड वाढवून पाहावा. काही मॉनिटर आतला दिवा झपाट्याने चालूबंद करूनच उजेड कमी करतात. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. तोही लुकलुकला, तर पडद्याचा ड्रायव्हर नवा करून घ्यावा. तो स्थिर राहून बाकीचे लुकलुकले, तर एखादा प्रोग्राम खोडी करीत असतो. मॉनिटरची पाठ मात्र उघडू नये. विशेषतः जुन्या, डब्यासारख्या मॉनिटरमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टची वीज साठून राहते.

थरथर थांबली, तरी अक्षरे पुसटच होती. याचे मूळ आमच्याच सोयीत निघाले. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून कोणीतरी रेझोल्यूशन कमी करून ठेवले होते. आपल्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ते जागच्या जागी पक्के असतात. संगणक मात्र १२८० बाय ७२० ठिपक्यांचे चित्र पाठवीत होता. दोन ठिपक्यांचे चित्र तीन ठिपक्यांवर पसरावयाचे, तर मधल्याला दोघांचा अर्धा अर्धा रंग घ्यावा लागतो; काळ्या अक्षराची कड करडी होते. रेझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापाला ठेवावे आणि अक्षरे मोठी हवी असतील, तर स्केल १२५ किंवा १५० टक्के करावे. तसे करताच अक्षरे पाटीवर कोरल्यासारखी दिसू लागली.

तिघींना दिसली; चौथीला नाही.

या आपल्या हिशेब पाहणाऱ्या ताई. त्यांच्या परवानगीनेच सांगते. चौदा वर्षे वह्या सांभाळल्यावर ‘आता मला हे नवे यंत्र झेपत नाही’ म्हणून त्यांनी काम सोडावयाचे पत्र लिहून ठेवले होते. त्या म्हणाल्या, “अजून धुके आहेच.” मी त्यांना समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर एकेक डोळा झाकून वाचावयास सांगितले. डाव्या डोळ्याने तारखा वाचल्या. उजव्याने तिथी सोडाच, महिन्याचे नावही लागेना. पडद्यावरचे धुके भिंतीवरही गेले, म्हणजे ते पडद्याचे नव्हे. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात, हेही तेव्हाच त्यांनी सांगितले. वर्षभर त्या बोलल्या नव्हत्या. घरात नातीची परीक्षा होती, नंतर दिराचे आजारपण.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. माघात शस्त्रक्रिया झाली आणि डोळ्यात नवे भिंग बसले.

पापण्या मिटून उघडल्यावर धूसरपणा जात असेल, तर डोळे कोरडे पडलेले असतात. पडद्यावर टक लावली की आपण पापण्या कमी मिटतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांना हनुवटी वर करून वाचावे लागत असेल, तर मॉनिटर थोडा खाली घ्यावा. पण एकच डोळा पुसट पाहत असेल, तर चष्म्याच्या दुकानावर न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, आणि अचानक तसे झाले तर त्याच दिवशी.

ताईंनी ते पत्र फाडले. या वर्षाचा जमाखर्च याच स्मरणिकेत आहे, तो त्यांनीच त्या जुन्या मॉनिटरवर केला आहे. बिघडलेल्या केबलीला मी ‘खराब’ अशी चिठ्ठी बांधून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली आहे. कृपा करून कोणी ती पुन्हा जोडू नये.