आई पिते तेव्हा

आज एका लेखकाबद्दल बोलायचं आहे. नाव डग्लस स्टुअर्ट, गाव स्कॉटलंडमधलं ग्लासगो, जन्म १९७६ चा.

दारू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नवरा नाहीतर सासरा येतो. इथं पिणारी आई आहे. तीन भावंडांत डग्लस धाकटा. वडील सोडून गेलेले. त्या काळात ग्लासगोच्या आसपासच्या खाणी, जहाजाचे कारखाने बंद पडत होते आणि घरंच्या घरं बसली होती. डग्लस सोळा वर्षांचा असताना आई दारूनं गेली.

पुढे तो कापड-कपड्यांचं शिक्षण घेऊन न्यूयॉर्कला नोकरीला लागला. नोकरी सांभाळत दहा वर्षं एकच कादंबरी लिहीत राहिला. तीसहून जास्त प्रकाशकांनी ती नाकारली. २०२० मध्ये ‘शगी बेन’ या नावानं ती छापली गेली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळालं. (त्या वर्षी शेवटच्या सहांत अवनी दोशीची कादंबरीही होती. तीही आई-लेकीची, आणि आपल्या पुण्यात घडणारी.)

कादंबरीतली आई अ‍ॅग्नेस. घरात खायला नसलं तरी केस नीट, लिपस्टिक लावलेली, कोट झटकलेला. सरकारी भत्त्याचे पैसे आले की बाटलीत जातात. रात्री ती झोपली की लहानगा शगी उशाशी तीन कप ठेवतो: एकात पाणी, एकात दूध आणि तिसऱ्यात उरलीसुरली दारू, सकाळी तिचे हात थरथरू नयेत म्हणून! एवढ्याशा पोराला हे हिशेब कळतात.

मला सगळ्यात लागली ती मधली गोष्ट. अ‍ॅग्नेस बैठकांना जाऊन वर्षभर दारू सोडते. घर उजळतं. मग तिचा मित्र म्हणतो, जेवताना एक घेतलीस तर काय होतं? तो वाईट माणूस नाही. बाई चारचौघींसारखी दिसावी, एवढंच त्याला हवं असतं. त्या एका पेल्यानं सगळं परत तिथंच येतं. थोरली दोघं घराबाहेर पडतात, शगी थांबतो.

लेखकाचं स्वतःचं बालपणही असंच. आई प्यायली की तो वही घेऊन बसायचा आणि म्हणायचा, तुझ्या आठवणी सांग, मी लिहून घेतो. बोलत राहिली तर तेवढा वेळ ती शांत राहायची. त्या आठवणींचं पुस्तक काही झालं नाही. ‘शगी बेन’ मात्र त्यानं आईलाच अर्पण केलं आहे.