थकल्या बैलाचा भाव कोणी पाडला?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कोरडवाहू शेतकऱ्याची ठेव बँकेत नसते, दावणीला असते. बैल थकला की बाजारात न्यायचा, आलेल्या पैशात थोडी भर घालायची आणि नवा गोऱ्हा आणायचा. आपल्या आजापणज्यापासून हाच हिशेब चालत आला.

या हिशेबात सरकारने हात कसा घातला ते बघा. गोवधबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. १९९५ साली विधिमंडळाने त्यात बैल आणि वळू घातले. राष्ट्रपतींची मंजुरी आली २०१५ साली, आणि बंदी लागू झाली. पुढे २३ मे २०१७ ला केंद्राने गुरांच्या बाजारासाठी नियम काढले. विकणाऱ्याने लिहून द्यायचं, जनावर कत्तलीसाठी आणलेलं नाही. घेणाऱ्याने शेतकरी असल्याचा कागद दाखवायचा आणि सहा महिने ते जनावर विकायचं नाही. खरेदीच्या कागदाच्या पाच प्रती! राज्याच्या सीमेपासून २५ किलोमीटरच्या आत बाजारच भरवायचा नाही. म्हशीसुद्धा यातून सुटल्या नाहीत. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची स्थगिती देशभर लागू केली. पण राज्यातली बैलाची बंदी कायम राहिली.

आता मला सांगा, थकल्या बैलाला गिऱ्हाईक कोण? तरणा शेतकरी तो घेणार नाही. शेवटचं गिऱ्हाईक बाजारातून हाकललं की भाव एकट्या म्हाताऱ्या बैलाचा पडत नाही. चार वर्षांनी मोडीत काही येणार नाही हे ठाऊक असलेला माणूस आज चौशा बैलालाही हात राखूनच बोली करतो. आणि न विकलेल्या बैलाला कडबा कोणी घालायचा? ज्याने कायदा केला तो घालत नाही.

कापसाच्या एकाधिकार खरेदीत आपण हेच भोगलं. गिऱ्हाईक एकच आणि राज्याच्या सीमेवर गाड्या अडवलेल्या. माल आपला, पण तो कोणाला विकायचा हे ठरवणारा दुसराच.

बाजाराला नियम नकोत असं मी म्हणत नाही. जनावराचे हाल आपल्यालाही बघवत नाहीत. बाजार समिती फी घेते, तर हौदात पाणी हवं, सावली हवी, गाडीत चढवायला धक्का हवा, डॉक्टर हवा, पक्की पावती हवी. एवढं जरूर करा.

पण बैल कोणाला विकायचा हे मालक ठरवील. ते ठरवायचा हक्क सरकारला हवा असेल, तर थकलेला बैल बाजारभावाने सरकारनेच विकत घ्यावा आणि मरेपर्यंत पोसावा. या मागणीचा ठराव येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने मांडावा, एवढंच मागणं घेऊन मी आलो आहे.