शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मोफत शिकवणी वर्गाविषयी बोलण्याची संधी मंडळाने दिली, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही म्हणजे आठवड्यातून तीन दुपारी खालच्या हॉलमध्ये मुलांचा अभ्यास घेणाऱ्या सहा बायका. आमच्यात शिक्षिका एकच, बाकी बहुतेक निवृत्त नर्स. आमच्याजवळ डिप्लोमा आहे तो नर्सिंगचा, शिकविण्याचा नव्हे. तरीही वर्ग चालला आहे, तो कसा हे सांगावयाचे आहे.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यास संगणकावर गेला. ज्या घरी तीन मुले आणि आईचा एकच फोन, तेथील मुले मागे पडली. शाळा उघडल्यावरही ती मागेच राहिली. आपल्या इथे लहान मुलांची शाळा दुपारी लवकर सुटते आणि आई-बाप संध्याकाळी घरी येतात. ज्यांना परवडते ते खासगी शिकवणी लावतात. ज्यांना परवडत नाही त्यांची मुले रस्त्यावर नाही तर टीव्हीसमोर. हे पाहून आम्ही हॉलची किल्ली मागितली आणि मंडळाने ती दिली.

ही अवस्था आपल्याला नवी नाही. 1950 आणि 1960 च्या दशकांत आपली माणसे बोटीने आणि विमानाने इथे आली, तेव्हा आई-बापांना मराठी येत होते आणि मुलाच्या दप्तरात हिब्रू पुस्तके होती. बाप कारखान्यात, आई दुसऱ्यांच्या घरी कामाला. मुलाने गणित विचारले तर आई म्हणायची, “बाळा, मला वाचता येत नाही रे.” तेव्हा नव्या गावांत सैन्यातील तरुण मुली शिक्षिका म्हणून येत. पुढे 1974 मध्ये रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतून ‘पेराख’ योजना सुरू झाली. पेराख म्हणजे फूल. विद्यापीठातील विद्यार्थ्याने आठवड्यातून चार तास एका मुलाला द्यावयाचे आणि त्याच्या बदल्यात त्याला फीसाठी मदत मिळावयाची, अशी ती सोय. आपल्यापैकी किती घरांतील मुले अशा परक्या ताई-दादांच्या हाताखाली शिकली, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता आमच्या कामाविषयी. मूल आले की आधी हात धुणे, मग खाणे. कधी पोहे, कधी पाव आणि अंडे. रिकाम्या पोटी बसलेल्या मुलाला लोक मंद म्हणतात. आम्ही दवाखान्यात अशी मुले पुष्कळ पाहिली आहेत. मूल वही नाकाशी धरते का, फळ्याकडे डोळे बारीक करून पाहते का, हेही आम्ही पाहतो. शाळेत डोळे तपासतात, पण चिठ्ठी दप्तरातच राहते आणि चष्मा येत नाही. एक मुलगा वाचनाला कंटाळतो असे सर्वांनी ठरविले होते. चष्मा आला आणि तो पान संपविल्याशिवाय उठेना. त्याच्या डोक्यात काही उणे नव्हते. त्याला हवे होते ते एक टेबल, घासभर खाणे आणि शेजारी बसणारे एक माणूस.

एका बाईजवळ चारच मुले बसतात. प्रत्येकाने दहा मिनिटे मोठ्याने वाचावयाचे, मग गृहपाठ. उत्तर आम्ही सांगत नाही. कुठे अडले ते विचारतो. खोलीत नेहमी दोन मोठी माणसे असतात आणि दार उघडे असते. मुलांमध्ये काम करणाऱ्या पुरुषांना 2001 च्या कायद्याप्रमाणे पोलिसांचा दाखला आणावा लागतो. तो आणण्यात कोणी कमीपणा मानू नये.

आता एक नाजूक गोष्ट. काही वडीलधाऱ्यांनी विचारले की, हॉल आपला, लाइटचे बिल आपले, मग इथियोपियन आणि रशियन मुले का? प्रश्न रागाचा नाही, काळजीचा आहे. म्हणून उत्तरही आदराने देतो. 1991 च्या मे महिन्यात छत्तीस तासांच्या आत चौदा हजारांहून अधिक माणसे इथियोपियातून विमानांनी इथे आणली गेली. त्यांच्या घरीही दप्तरात हिब्रू आणि आईच्या तोंडी दुसरी भाषा. ते आपलेच जुने घर नव्हे काय? आणि आपली रीत पाहा. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. तीच माझगावची सर एली कदूरी शाळा. आपली माणसे इकडे आली, पण शाळेने दार लावले नाही. आज तिथे मुख्यतः इतर समाजांची मुले शिकतात. केहिमकरांचे नाव त्यामुळे लहान झाले काय?

आमची विनंती अशी की, वर्ग सर्वांना खुला राहावा आणि मुलाचे आडनाव किंवा बापाचा पगार कोणी विचारू नये. ‘गरिबांचा वर्ग’ अशी पाटी लागली तर गरजू मूल पहिले निघून जाईल.

पैसे फार लागत नाहीत, माणसे लागतात. आजी-आजोबा म्हणतात, “आमचे हिब्रू कच्चे.” अहो, आकडे सगळीकडे सारखेच! पाढे ऐकायला हिब्रू कशाला? मुलाने वाचावे आणि आपण अक्षरांवर बोट ठेवून ऐकावे. दोघांचेही हिब्रू सुधारते. आमच्यातील एका बाईने सत्तरीत असेच वर्तमानपत्र वाचायला सुरुवात केली आहे.

आम्हां सहाजणींच्या गुडघ्यांनी आता कुरकुर सुरू केली आहे. सध्या सात मुले जागेअभावी नव्हे, माणसांअभावी थांबली आहेत. दोन माणसे मिळाली तर ती आत येतील. आज जेवणानंतर आम्ही दाराजवळच्या टेबलाशी वही घेऊन बसणार आहोत. आठवड्यातून एक दुपार देऊ शकणाऱ्यांनी नाव लिहावे.

परमेश्वर आपणा सर्वांस आरोग्य देवो आणि या वास्तूत मुलांचा आवाज सदैव राहो.