सवलत नव्हे, हक्क

श्रोतेहो, वर्गातले एखादे पोर तोंडी विचारले तर धडाधड उत्तरे देते; पण वहीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की अडते. गाव त्याला 'ढ' म्हणून मोकळे होते. आज अशाच मुलांविषयी थोडे बोलू.

आपल्याकडे १९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले. बुद्धी चांगली असूनही वाचण्या-लिहिण्यात किंवा हिशेबात अडणे, म्हणजेच अध्ययन अक्षमता, हीही आता त्यात आली. गडचिरोली-नंदुरबारकडच्या घरांना ठाऊक असलेला सिकलसेल आजारही आला.

हा कायदा शाळेला काय सांगतो? सरकारी, अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला प्रवेश नाकारायचा नाही. त्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत त्याला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मग ते घराजवळच्या शाळेत असो की विशेष शाळेत. ती निवड मुलाची, मुख्याध्यापकांची नव्हे.

आणि दाखला चाळीस टक्क्यांचा नसेल तर? लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक नाकारला गेला होता. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की अशी सोय मागायला चाळीस टक्क्यांची अट नाही.

कोणी म्हणेल, "एकाला जादा वेळ दिला, तर बाकीच्यांवर अन्याय नाही का?" अहो, पेपर इतिहासाचा असतो, मनगटाच्या जोराचा नव्हे! जे तपासायचे तेच तपासले जावे, एवढ्यासाठीच ही सोय.

शिक्षक बंधुभगिनींनो, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे हेही कायद्याने शाळेचेच काम ठरवले आहे. कमी दिसणाऱ्याला पुढे बसवा. चालता न येणाऱ्याचा वर्ग तळमजल्यावर आणा. याला काही मोठा खर्च लागत नाही.

आणि पालकहो, जिल्हा रुग्णालयातून दाखला काढून घ्या. परीक्षेची वाट न पाहता शाळेकडे लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. आपण मागतो आहोत ते आपल्या लेकराच्या हक्काचे आहे. वर्ष एकदा वाया गेले, की ते कोणताही कायदा परत देत नाही.