धावपट्टी, वारा आणि कुंपणाबाहेरची जबाबदारी



जालना जिल्ह्यात हवामानाचा विचार प्रामुख्याने शेतीच्या संदर्भात होतो. मृगाचा पाऊस वेळेवर येईल काय, कपाशीला पुरेल काय, मोसंबीच्या बागा उन्हाळ्यात तगतील काय, हे प्रश्न येथे घरोघरी चर्चिले जातात. परंतु त्याच हवेवर आणखी एका वर्गाची नजर खिळलेली असते, ती म्हणजे वैमानिकांची. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. मात्र नियमित विमानसेवेसाठी जिल्ह्याचा निकटचा आधार आजही शेजारचा चिकलठाणा विमानतळच आहे. तेथील हवा आणि धावपट्टी यांचे नाते समजून घेणे, हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे.

विमानास वर उचलते ती पंखांवरून वाहणारी हवा. हवा जितकी दाट, तितका तिचा आधार अधिक. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ५८२ मीटर उंचीवर आहे. उंचीमुळे हवा मुळातच काहीशी विरळ. त्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसवर गेले म्हणजे ती आणखी विरळ होते. अशा दुपारी तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणभूत हवेपेक्षा सुमारे एक सप्तमांशाने कमी भरते. प्रमाणभूत हवामानात कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे १,६४६ मीटर उंचीवर, जी घनता असावी, तिच्या जवळपास ही हवा येते. पंखांचा आधार घटतो, इंजिनाचा जोरही घटतो. परिणामी विमानास अधिक वेग गाठावा लागतो व त्यासाठी अधिक लांब धावावे लागते. म्हणूनच उन्हाळी दुपारी प्रसंगी प्रवासी अथवा माल कमी करावा लागतो.

येथे एका दुःखद घटनेचे स्मरण आवश्यक आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान औरंगाबादहून मुंबईकडे निघाले. त्यात ११८ जण होते. धावपट्टीच्या जवळजवळ अखेरीस ते जमिनीवरून उचलले गेले आणि पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या मालमोटारीवर त्याचे डावे चाक आदळले. पुढे सुमारे ३ किलोमीटरवर उच्चदाबाच्या विद्युत्‌ तारांना धडकून ते कोसळले. ५५ जण प्राणास मुकले. विमानाचे नाक उचलण्यास वैमानिकांनी केलेला विलंब व त्यांची चुकीची पद्धत हे एक कारण चौकशीत ठरले. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियंत्रण न होणे हे दुसरे. दोष हवेचा नव्हता. परंतु उन्हाळी विरळ हवेत चुकीला सावरून घेण्याइतकी धावपट्टी शिल्लक राहत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा. पुढे या धावपट्टीची लांबी वाढविण्यात आली. आज ती सुमारे २,८०० मीटर आहे.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. धावपट्टीवर पाणी साचले की चाक व पृष्ठभाग यांमध्ये पाण्याचा थर शिरतो, चाक जणू तरंगू लागते आणि ब्रेक निष्प्रभ ठरतो. १ जुलै २०१९ रोजी मुसळधार पावसात जयपूरहून आलेले प्रवासी विमान मुंबईची मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेले, तेव्हा ती धावपट्टी काही दिवस बंद ठेवावी लागली. ४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने धावपट्टीच्या स्थितीची नोंद एकसमान पद्धतीने करण्याचे ठरविले आहे. धावपट्टीचे तीन समान भाग करून प्रत्येकास ० ते ६ असा अंक दिला जातो. कोरड्या भागास ६, ओल्या भागास ५, तर ३ मिलिमीटरहून अधिक पाणी साचलेल्या भागास २. तीन मिलिमीटर पाण्याने शेतातील ढेकूळही धड भिजत नाही. उतरत्या विमानाचे अंतर मात्र त्याने पुष्कळ वाढते.

वाऱ्याचे महत्त्वही तितकेच. विमाने शक्यतो वाऱ्याच्या दिशेस तोंड करून उतरतात व उडतात. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने मोसमी पश्चिम वाऱ्यांत विमाने पूर्वेकडून, म्हणजे जालन्याच्या बाजूने उतरतात. सर्वांत फसवा तो वळवाच्या ढगाखालचा वारा. खाली कोसळणारी हवा जमिनीवर चहूकडे फाकते. समोरून येणारा वारा काही क्षणांत पाठीमागून येऊ लागतो आणि विमानाचा आधार निसटतो. म्हणूनच वारा, दृश्यमानता, ढगांची उंची, तापमान व हवेचा दाब यांची निरीक्षणे वैमानिकास नियमितपणे कळविली जातात. दाबाच्या नोंदीत एका हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचीमापक सुमारे ३० फुटांनी चुकतो.

ही कामे तज्ज्ञांची खरी. परंतु १९९३ ची मालमोटार विमानतळाच्या आत नव्हती, ती सार्वजनिक रस्त्यावर होती. सुरक्षिततेचा मोठा भाग कुंपणाबाहेर असतो. विमान नियम, १९३७ मधील नियम ९१ ने विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर कत्तल करण्यास व पक्षी आकृष्ट होतील असा कचरा टाकण्यास मनाई केली, ती याच जाणिवेतून. घार इंजिनात शिरली तर मोठ्या विमानासही धोका संभवतो. जालना शहराजवळील धावपट्टीसारख्या लहान पट्ट्यांनाही हेच लागू आहे. तेथे गुरे चारणे, धान्य वाळविणे किंवा नजीक पऱ्हाट्या व काडीकचरा पेटविणे गावकऱ्यांस किरकोळ वाटेल. धुराने दृष्टी रोखलेल्या वैमानिकास ते किरकोळ नसते.

ग्रामपंचायतींनी कचऱ्याची जागा ठरविताना आणि मनोरे वा उंच इमारतींना परवानगी देताना विमानतळ प्राधिकरणाची नाहरकत आवश्यक आहे काय, हे प्रथम पाहावे. गटारे व नाले मोकळे ठेवावेत, कारण तुंबलेले पाणी पक्ष्यांना बोलावते. शिक्षकांनी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक व वातदर्शक बसवून मुलांकडून रोजची नोंद ठेवून घ्यावी. आज पावसाचे मिलिमीटर मोजणारा विद्यार्थी उद्या शेतकरी होवो वा वैमानिक, त्या नोंदीचे मोल तो जाणेल. आणि रस्त्याची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नकाशावर एक गोष्ट अवश्य पाहावी : धावपट्टीची रेघ जेथे संपते, तेथे विमानाची वाट संपत नाही.